वैऱ्याची साक्ष

मालकाला हातकडी घालून उस्मानाबादच्या सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात आणलं, तेव्हा मी मुद्दाम बाहेर जाऊन उभा राहिलो. काळा कोट आदल्या दिवशीच परटाकडून आणला होता. त्याला मला बघू द्यायचं होतं. त्यानं बघितलं. ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला, आणि पटल्यावर त्यानं मान खाली घातली. उभ्या जन्मात त्या माणसाची मान मी खाली गेलेली पाहिली नव्हती. पायात जोडा नव्हता. त्याच्या टाचाही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. आमच्या टाचांसारख्याच भेगाळलेल्या होत्या.

मी तेव्हा सहायक सरकारी वकील होतो. निजाम जाऊन दहाएक वर्षं होत आली होती, हैदराबाद राज्यही मोडलं होतं आणि आम्ही नुकतेच मुंबईला जोडले गेलो होतो. कोर्टातले जुने कारकून उर्दूत लिहायला चुकायचे नाहीत, मराठीत लिहायचं म्हटलं की टाक चावत बसायचे. अशा दिवसांत ही खुनाची फाइल माझ्या टेबलावर आली. वर मालकाचं नाव बघून मी दार लावून घेतलं आणि ते नाव बोटानं पुन्हा पुन्हा गिरवलं.

आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडचं. गावची निम्मी काळी जमीन त्या एका माणसाची. त्याच्याकडं जे राबत नव्हते तेही त्याला मालकच म्हणायचे. माझा थोरला भाऊ मात्र म्हणत नसे. त्याच्याजवळ एक बैलगाडी होती आणि थोडी जमीन होती, आणि तेवढ्यावर त्याला वाटायचं की आपण कुणाचे बांधलेले नाही. निजामाच्या अखेरच्या दिवसांत मालकाच्या पोरीचं लगीन निघालं आणि गावातल्या सगळ्या गाड्या वेठीला बोलावल्या. भावानं गाडी दिली नाही. "पेरणीचे दिस हायेत, माझी गाडी मोकळी न्हाय," एवढंच तो चावडीवर म्हणाला.

पुढं उन्हाळ्यात मालकाची कडब्याची गंजी जळाली. भाऊ त्या दिवशी हिवतापानं अंथरुणावर होता. वहिनी त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती आणि मी पाणी भरून आणत होतो. तरी पोलिसांचा अमीन आला आणि तापातल्या माणसाला उठवून घेऊन गेला. मालकानं कोर्टात शपथ घेऊन सांगितलं, की भावाला गंजीला काडी लावताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या साक्षीच्या दिवशी वहिनी तुळजापूरच्या कोर्टात चालत गेली होती. आपला नवरा घरात होता हे तिला सांगायचं होतं. सरकारी वकील म्हणाला, नवऱ्यासाठी बायको खोटं बोलायचीच, तिचं काय ऐकायचं? शिपायानं तिला दारातूनच परत लावलं.

भाऊ गुलबर्ग्याच्या तुरुंगात गेला. पोलीस अॅक्शननंतर सुटून आला तो छातीचं दुखणं घेऊनच. आल्यावर त्यानं गाडी जोडली नाही. ओसरीला बसून खोकायचा. एका पावसाळ्यात तो गेला. वहिनीला मूलबाळ नव्हतं. तिचा भाऊ तिला लोहाऱ्याकडं माहेरी न्यायला आला, पण ती गेली नाही.

"भावजी," तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "तुमी शिका. वकील व्हा. आन् सरकारचेच व्हा. कुनाचं ऐकायचं आन् कुनाला दारातनं हाकलायचं, हे ज्याच्या हातात असतं, त्यो व्हा."

लोक देशसेवा म्हणून, पोटासाठी, बापाच्या सांगण्यावरून वकील होतात. मी मालकासाठी झालो. हैदराबादला कायद्याची पुस्तकं पाठ करताना मला झोप आली, की मी भावाचा खोकला आठवायचो. वहिनी एकटीनं शेत करायची. मालकाचं शेत आमच्या शेताला लागून होतं, आणि त्याची माणसं दर साली बांध जरासा आमच्याकडं सरकवायची. ती बोलायची नाही. बघून ठेवायची.

तर आता फाइल. मालकाचा एक सालगडी काम सोडून दुसऱ्याकडं लागला होता. मालकानं त्याला चारचौघांत धमकावलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ओढ्यात त्या गड्याला काठ्यांनी मारून टाकलं. मालकाची दोन माणसं रक्ताच्या कपड्यांसकट सापडली. आणि एका धनगरानं जबाब दिला, की मालक स्वतः ओढ्याच्या काठावर उभा होता आणि "सोडू नका त्याला" असं ओरडत होता. मालक म्हणत होता, मी त्या दिवशी गावातच नव्हतो, नळदुर्गाला होतो. का गेला होतास, कुणाकडं गेला होतास, असं विचारलं की तो गप्प बसायचा. शेवटी कळलं, तो तिथं एक पोरगी बघायला गेला होता. मुलगा नव्हता म्हणून पहिली बायको असताना दुसरं लगीन करायचं होतं, आणि ते आता कायद्यानं बंद झालं होतं. पोरीच्या बापाला हे प्रकरण खुनाचं आहे म्हणून कळलं, तेव्हा त्यानं कानांवर हात ठेवले. असा कुणी माणूस आमच्या दारात आला नाही, म्हणाला.

म्हणजे मालकाच्या बाजूनं कुणीच उरलं नव्हतं. मी कागद वाचत होतो आणि मला हसू येत होतं. हातात फाशी किंवा जन्मठेप होती, आणि ती मागणारा मी होतो. जिल्ह्याचे मोठे सरकारी वकील माझे साहेब होते, आणि त्यांनी फाइल माझ्याकडं दिली तेव्हा त्यांना माझ्या गावाचं नावही ठाऊक नव्हतं.

शनिवारी कोर्ट सुटल्यावर मी गावी गेलो. कधी एकदा वहिनीला सांगतो असं झालं होतं. ती अंगणात तूर पाखडत बसली होती.

"वहिनी, मालकाची केस माझ्याकडं आली."

सूप थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला, की ती पुन्हा विशीतली वाटली.

"खरं?"

"खरं. धनगरानं बघितलंय त्याला ओढ्यावर. सुटत नाही आता."

ती हसली. मग सूप बाजूला ठेवून जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यो नव्हता ओढ्यावर."

"कोण?"

"मालक. त्यो नळदुर्गाच्या स्टँडावर व्हता. म्या बघितला की."

मला काही कळेना. ती अगदी मजेत सांगत होती, बायका यात्रेतली गंमत सांगतात तशी. त्या दिवशी ती आपल्या भावाच्या पोराचं बारसं उरकून माहेराहून परतत होती. नळदुर्गाला तुळजापूरची गाडी बदलायची होती, आणि ती गाडी नादुरुस्त होऊन उभी होती. दुपार उलटल्यापासून ती स्टँडावर बसून होती. समोर चहाच्या टपरीच्या बाकड्यावर मालक बसला होता. अंगात नवा सदरा, डोक्याला कोरा फेटा. दिवे लागले तरी तिथंच होता. मग सोलापूरकडं जाणाऱ्या एका ट्रकात चढून गेला. रात्री गाडी सुटल्यावर ती तुळजापूरला चुलतीकडं मुक्कामाला राहिली, आणि दुसऱ्या दिवशी गावात पाय ठेवला तर खुनाचा गलका.

"त्यानंबी मला बघितलं," ती म्हणाली. "चांगलं टकमका बघितलं. त्याला ठावं हाय, म्या हाय म्हनून. म्हनून त्यो कुनाला सांगत न्हाय. कोनच्या तोंडानं सांगंल? म्हनंल का, की ज्या बाईचा नवरा म्या खाल्ला तिला इचारा म्हनून?"

"वहिनी, हे तुम्ही आणखी कुणाला बोललात?"

"कुनालाबी न्हाय. आन् बोलनारबी न्हाय. जाऊ द्या त्याला."

मी उठून उभा राहिलो. आनंदच झाला होता मला, खोटं कशाला सांगू. भावाला जसं गाठलं, हुबेहूब तसंच त्याला गाठता येत होतं. तो दुसरीकडं होता आणि साक्षीदार म्हणत होता इथं होता. जिनं पाहिलं होतं ती बाई गप्प राहणार होती. देवानं मापून दिल्यासारखं होतं सगळं.

पण हातपाय धुवून जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. मी वकील नसतो तर गिळला असता. निर्दोषाला सोडवणारा पुरावा सरकारला ठाऊक असेल आणि सरकारी वकील तो दाबून ठेवून कोर्टात शिक्षा मागायला उभा राहिला, तर त्याच्यात आणि वहिनीला दारातून हाकलणाऱ्या त्या वकिलात फरक काय? मला त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं. त्याचाही मला रागच होता. मालकाइतकाच.

"वहिनी, तुम्ही मला हे सांगायला नको होतं," मी म्हणालो.

"का?"

"मी सरकारी वकील आहे. मला कळलं म्हणजे सरकारला कळलं."

तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली. "म्या सरकारी वकिलाला न्हाय सांगितलं. म्या माझ्या दिराला सांगितलं."

"दोघं एकाच अंगात आहेत."

"मग त्या दुसऱ्याला म्हना, भायेर जाऊन बस."

भाकरी करपली. ती मग माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हाही ती दारात आली नाही.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. शेरवानीवर काळा गाऊन घालायचे. सगळी वकिली उर्दूत केलेली, पण म्हातारपणी मराठी शिकून घेतलेली, आणि ती ते कष्टानं, शब्द निवडून बोलायचे. मी सगळं सांगितलं. भावाचं, गंजीचं आणि वहिनीचंही. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"फाइल."

मी फाइल दिली नाही. दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. "साहेब, त्यानं माझ्या भावाला मारलं."

"तो गुन्हा त्याच्यावर लावा, मी तुमच्या बाजूला उभा राहतो. हा लावू नका."

"तो आता लावता येत नाही. ते कोर्ट नाही, ते राज्य नाही."

"मग नाही लावता येत. फाइल ठेवा इथं." त्यांचा आवाज चढला. "फाइल घेतली त्या दिवशी मला का नाही बोललात? सरकारला कुणाशी दुश्मनी नसते, वकीलसाब. तुम्हाला आहे. दुश्मनी असलेला माणूस सरकारच्या खुर्चीत बसला, की त्याला वेठ म्हणतात. सरकारला तुम्ही वेठीला लावलंत."

तो शब्द त्यांनी जाणूनबुजून वापरला की सहज आला, ते मला कळलं नाही. मी फाइल टेबलावर ठेवली.

"आता ऐका," ते म्हणाले. "मी जज्जसाहेबांना आणि त्याच्या वकिलाला कळवणार, की अशी एक बाई आहे. जज्जसाहेब तिला कोर्टाची साक्षीदार म्हणून बोलावतील. ती येईल, नाही येईल, खरं बोलेल, खोटं बोलेल, ते तिच्याजवळ. तिची साक्ष होईपर्यंत तुम्ही गावाला जायचं नाही. तिच्याशी एक लफ्ज बोलायचा नाही."

"आणि तुम्ही तिचं खरं मानणार?"

"मी का मानू? तुम्ही सांगता म्हणून? मी तपासणार. गरीब विधवा, शेजारी बड्याचं शेत. मी विचारणार, बाई, किती मिळाले? ते विचारणं माझं काम आहे. तिला विकत घेतलं नाही, हे त्याच्या वकिलानं दाखवावं."

मी रागानं बाहेर आलो. कोर्टामागं लिंबाचं झाड होतं, तिथं जाऊन उभा राहिलो. माझ्या वहिनीला हा म्हातारा भर कोर्टात विकाऊ म्हणणार होता, आणि कशासाठी, तर मालक सुटावा म्हणून. मी त्यांचं शेवटचं वाक्य मनात घोळवत होतो. तिला विकत घेतलं नाही हे त्याच्या वकिलानं दाखवावं. कसं दाखवेल? आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. दाखवायला एकच वाट होती. ही बाई आमची उभी वैरीण आहे, जीव गेला तरी ती आमच्यासाठी खोटं बोलणार नाही, हे त्याला दाखवावं लागणार होतं. वैर का? त्याचं उत्तर कोर्टात सांगावं लागणार होतं, त्याच्याच वकिलाला, त्याच्याच फायद्यासाठी.

मी झाडाखाली एकटाच हसलो. पक्षकारांनी वळून बघितलं. मग हसू थांबलं, कारण सगळं वहिनीवर होतं. तिनं "न्हाय बघितला" म्हटलं की खेळ संपला, आणि मला तिच्याशी बोलायची बंदी होती. मी ती पाळली. साहेबांच्या भीतीनं नाही. पुढं कुणी म्हणायला नको होतं, की दिरानं शिकवलं.

दरम्यान गावात जे झालं ते मला वहिनीनं नंतर सांगितलं. समन्स निघाल्याचं कळताच मालकाची बायको आमच्या अंगणात आली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं वहिनीच्या पायावर डोकं ठेवायला वाकून पदर पसरला.

"माझं कुकू राखा," ती म्हणाली.

वहिनी पाय मागं घेऊन म्हणाली, "माझं कुकू गेलं तवा तुमी कुटं व्हता?" ती बाई रडायला लागली. वहिनीनं तिला पाणी दिलं. "कोर्टानं बोलवलं तर येईन. तुमी बोलवलं म्हनून न्हाय. आन् काय बोलायचं ते म्या तितंच बोलंन."

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरून गेलं होतं. तामलवाडीपासून माणसं आली होती. मी शेवटच्या बाकावर, कोट न घालता, गावकऱ्यांत बसलो. वहिनी पांढरं लुगडं नेसून आली. ज्या दारातून तिला एकदा हाकललं होतं ते तुळजापूरचं होतं, हे दुसरं. तरी आत येताना ती उंबऱ्याशी थबकली आणि शिपायाकडं बघून घेतलं. शिपायानं तिला वाट दिली.

तिनं शपथ घेतली. न्यायाधीशांनी विचारलं तसं तिनं सांगितलं. स्टँड, बाकडं, फेटा, ट्रक. एक शब्द जास्त नाही. कोर्टात कुजबुज झाली. मालक पिंजऱ्यात दोन्ही हातांनी गज धरून उभा होता, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती.

साहेब उठले.

"बाई, तुमचं शेत आरोपीच्या शेताला लागून आहे?"

"व्हय."

"बांधाचा तंटा आहे?"

"त्यो सरकवतो, म्या बघते."

"मग या साक्षीनंतर तो बांध मागं घेणार, असं काही बोलणं झालं? आरोपीची बायको तुमच्या घरी आली होती ना?"

"आली व्हती."

"काय कबूल केलं तिनं?"

"ती रडली. दुसरं काय बी न्हाय."

"म्हणजे ती आली, रडली, आणि तुम्ही इतके दिवस जे कुणाला बोलला नाहीत ते आज बोलायला आलात. मी म्हणतो, तुम्हाला घेतलंय. तुम्ही विकल्या गेलात."

वहिनीचा चेहरा काळानिळा झाला. मी बाकाची कड आवळून धरली. साहेब शांतपणे खाली बसले. मला माहीत होतं ते का विचारताहेत, तरी त्या क्षणी मी त्यांचाही गळा धरला असता.

मग मालकाचा वकील उठला. सोलापूरचा हुशार माणूस होता. त्यानं आधी पिंजऱ्याजवळ जाऊन मालकाच्या कानात काहीतरी विचारलं. मालकानं मान हलवली, नाही म्हणून. वकील पुन्हा बोलला. बराच वेळ बोलला. मालकाची मान हलायची थांबली.

"बाई," वकील परत येऊन म्हणाला, "आरोपीबद्दल तुमच्या मनात काय आहे?"

"त्यो मरावा असं हाय."

कारकुनानं टाक उचलून न्यायाधीशांकडं बघितलं.

"का?"

आणि वहिनीनं सांगितलं. इतकी वर्षं तिनं ते तोंडात धरून ठेवलं होतं. वेठ, गंजी, ताप, ओल्या फडक्याच्या घड्या, तुळजापूरचं दार, गुलबर्गा, खोकला. आवाज चढवला नाही. कारकून मराठीत भराभर लिहीत होता आणि त्याचा टाक मागं पडत होता, तेव्हा ती त्याच्यासाठी थांबायची. शेवटी म्हणाली, "ह्यानं माझ्या धन्यावर खोटी शपथ घेतली. तवा म्या खरं सांगाया आले, तर बायको म्हनून हाकललं. आज वैरी म्हनून ऐकताय. ऐका. त्यो नळदुर्गालाच व्हता."

साक्ष संपली. ती खाली उतरून भिंतीशी बसली. आता आरोपीचा जबाब. न्यायाधीशांनी मालकाला समजावून सांगितलं, की उत्तर देण्याची सक्ती नाही. मग विचारलं, "या बाई सांगतात ते तुम्ही ऐकलंत. नळदुर्गाचं खरं आहे?"

"खरं हाय."

"तिच्या नवऱ्याविरुद्ध तुम्ही खोटी साक्ष दिलीत असं ती म्हणते. त्याबद्दल काय म्हणणं आहे?"

मालक गप्प. त्याचा वकील टेबलावरचे कागद उगाच सरळ करत होता. साऱ्या कोर्टाला कोडं कळलं होतं, पुढं बसलेल्या शेतकऱ्यालाही. ते खोटं म्हणावं, तर ही बाई शपथेवर खोटं बोलते असं होतं, मग नळदुर्गाचंही खोटं. तिचं एक घ्यायचं आणि एक टाकायचं, असं करता येत नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्याला आला होता आणि हात गजाला असल्यामुळं तो पुसत नव्हता. तो जितका वेळ गप्प राहिला तितका वेळ मला हवा होता. आणखी राहिला असता तरी मला चाललं असतं.

"व्हय," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला."

"व्हय. म्या बघितलं नव्हतं. कडबा कुनी जाळला मला ठावं न्हाय. त्यानं गाडी दिली न्हाय म्हनून... म्या त्याचं नाव घेतलं."

न्यायाधीशांनी ते कारकुनाला सांगून लिहवून घेतलं आणि मालकाला वाचून दाखवलं. मग त्याला सही करायला लावली. मागं कुणीतरी थुंकलं. मला रडू आलं नाही. भावाचं नाव, मेलेल्या माणसाचं, सरकारी कागदावर स्वच्छ होऊन आलं होतं. माझं लक्ष मात्र मालकाच्या बायकोकडं होतं, कारण त्याच जबाबात पुढं नळदुर्गाला का गेला होतास तेही विचारलं गेलं, आणि तेही त्याला सांगावं लागलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती उठून बाहेर गेली.

मालक सुटला. धनगराचं सांगणं त्याच्यापुरतं कोर्टानं मानलं नाही. त्याच्या दोन माणसांना जन्मठेप झाली. नळदुर्गाला जाण्याआधी मालकानं त्यांना सांगून ठेवलं असेल काय? मला आजही वाटतं, असेल. पण मला काय वाटतं याला कोर्टात जागा नव्हती, आणि ती नसावी हेही मी तोवर शिकलो होतो. निकालानंतर साहेबांनी मला बोलावलं आणि दुसरी फाइल पुढं सरकवली. कुठल्याशा बैलचोरीची. "हिच्यात कुणी नातेवाईक?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा वहिनी माझ्याशी नीट बोलायला लागली होती. मी विचारलं, "तुम्ही 'बघितला नाही' म्हटलं असतं तर तो लटकला असता. का नाही म्हणालात?"

"खोटी शपथ घेऊन त्याच्या पंगतीला बसू?" ती म्हणाली. "आन् मेला असता तर सुटला असता की. आता जगंल. माझ्या शब्दावर जगंल. रोज सकाळी उठून त्याला आठवंल, की कुनी जगवलं."

मालकानं उपकाराची फेड म्हणून ज्वारीची भरली गाडी पाठवली होती. तिनं ती दारातून तशीच फिरवली. सरकवलेला बांध त्यानं आपणहून मागं घेतला. तिनं तोही मोजून बघितला आणि आणखी मागं घ्यायला लावला.

आमच्या शेताला जायची वाट गावाबाहेरून होती, जवळची. निकालानंतर तिनं ती सोडली. ती गावातून, मालकाच्या दारावरून जायला लागली. सकाळी तो ओट्यावर चहा प्यायला बसायचा. ती डोक्यावर टोपली घेऊन, सावकाश, त्याच्याकडं तोंड करून त्या दारासमोर जरा थांबायची आणि मग पुढं जायची. बोलायची नाही. त्याला उठून उभं राहावं लागायचं, कारण बसून राहिला तर बघणारे लोक तोंडं वाकडी करायचे. उन्हाळ्यात गेली, पावसात इरलं घेऊन गेली, अंगात ताप असतानाही गेली. शेवटी त्यानं ओट्यावर बसणं सोडलं. मग पुढचं दार बंद ठेवायला लागला आणि मागच्या बोळातून ये-जा करायला लागला. गावानं हे सगळं बघितलं. त्याला मालक म्हणणंही हळूहळू सुटलं. नावानं हाक मारायला लागले.

काही वर्षांनी, महाराष्ट्र झाल्यानंतर, मी एकदा तिला म्हणालो, "वहिनी, आता पुरे करा. माणूस म्हातारा झाला. दार बंद करून बसतो."

"तुमचं झालं असंल, भावजी," ती म्हणाली. "तुमाला कोर्ट हाय, फायली हायेत, बायकापोरं हायेत. माझं न्हाय झालं."

मी तिला पुन्हा सांगितलं नाही. खरं म्हणजे माझंही झालं नव्हतं. मी फक्त उस्मानाबादला राहत होतो, म्हणून मला त्या दारावरून रोज जाता येत नव्हतं. मालक गेल्याचा सांगावा आला त्या दिवशी माझं एका खटल्यात शेवटचं बोलणं होतं. मी ते पूर्ण केलं, कोट काढून ठेवला आणि मातीला गेलो नाही. वहिनी त्या सकाळीही त्या दारावरून गेली, आणि पहिल्यांदाच तिथं न थांबता गेली. आत रडत असलेल्या त्याच्या बायकोसाठी, असं ती म्हणाली.